आपल्या नावाचा, पण आपला न झालेला संघ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज खेळाबद्दल बोलायचं आहे, पण खेळाडूंपेक्षा प्रेक्षकांबद्दल अधिक. एखाद्या शहराच्या नावानं संघ निघतो. पोशाख ठरतो, बोधचिन्ह ठरतं, सामने टीव्हीवर दिसू लागतात. आणि तरीही त्या शहरातला माणूस त्या संघाला ‘आपला’ म्हणत नाही. असं का होतं, हा आजचा प्रश्न.

उदाहरण म्हणून मी हॉकी घेतो. २००५ पासून महाराष्ट्राच्या नावाचे पाच संघ हॉकीच्या निरनिराळ्या लीगमध्ये उतरले. मराठा वॉरियर्स, मुंबई मरीन्स, पुणे स्ट्रायकर्स, मुंबई मॅजिशियन्स आणि दबंग मुंबई. मी ही नावं मुद्दाम सावकाश सांगितली. यातली किती आपल्याला आठवली? खेळाची आवड असणाऱ्या मंडळींनाही दोन-तीनच्या पुढे जाता येत नाही. यातला एकही संघ आज मैदानात नाही. सात वर्षांच्या खंडानंतर २०२४ च्या डिसेंबरात हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते. दिल्ली, बंगाल, ओडिशा, तमिळनाडू, उत्तर प्रदेश, पंजाब-हरयाणा, हैदराबाद, एवढंच काय विशाखापट्टणमचाही संघ होता. महाराष्ट्राचा नव्हता. आणि ‘आमचा संघ कुठं गेला?’ असं विचारत कुणी रस्त्यावर आल्याचं ऐकिवात नाही.

याचा अर्थ महाराष्ट्राला हॉकीचं वावडं आहे, असा कुणी काढला तर तो चुकीचा ठरेल. मुंबईची आगाखान हॉकी स्पर्धा १८९६ साली सुरू झाली. बॉम्बे गोल्ड कप १९५५ पासूनचा. एके काळी मुंबईत रेल्वे, कस्टम्स, पोलिस, टाटा, एअर इंडिया अशा कचेऱ्यांचे आणि कारखान्यांचे संघ होते. वांद्र्याच्या गल्ल्यांतून खेळाडू निघत होते. पुण्याजवळच्या खडकीनं तर धनराज पिल्ले दिला. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेला हा माणूस खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढला. वडील तिथल्या मैदानाची देखभाल करायचे, आणि मोडक्या काठ्या व टाकून दिलेले चेंडू घेऊन ही पोरं मातीच्या मैदानावर खेळायची. म्हणजे खेळ होता, खेळाडू होते, बघणारेही होते. मग लीगच्या संघाला ते का मिळाले नाहीत?

इथं एक फरक आधी लक्षात घेतला पाहिजे. गर्दी वेगळी आणि आपली माणसं वेगळी. आमच्या मोहर्लीत हे समजावून सांगावं लागत नाही. मंगळवार आणि पावसाळा सोडला, तर ताडोबाच्या मोहर्ली फाटकावर पहाटेपासून जिप्सींची रांग लागलेली असते. नागपूरचे, मुंबईचे, परदेशातले लोक येतात. वाघ दिसला तर खूश होतात, नाही दिसला तर हिरमुसतात, आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या गावी जातात. त्यांच्यामुळे चार घरं चालतात, हे खरं. पण उन्हाळ्यात पाणवठा आटला, वणवा लागला, वाघानं कुणाची गाय मारली, तर त्याचं पुढं काय झालं हे विचारायला ते परत येत नाहीत. त्यांनी यावं अशी अपेक्षाही नाही. पर्यटक एकदा पाहतो आणि जातो. ज्याला खरोखर घेणंदेणं असतं तो पुन्हा पुन्हा येतो, हरल्यावरही येतो.

लीग काढणाऱ्यांना हवा असतो तो हा दुसरा माणूस. पण त्यांची सगळी तयारी असते पहिल्या माणसासाठी. रोषणाई, संगीत, मोठी नावं. त्यानं एखाददुसऱ्या दिवशी गर्दी जमेलही. दहाव्या सामन्याला कोण येईल, हा प्रश्न तसाच राहतो.

आता कारणं एकेक करून पाहू.

पहिलं कारण घराचं. २००५ मध्ये भारतीय हॉकी महासंघ आणि ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्स यांनी प्रीमियर हॉकी लीग सुरू केली. त्यात मराठा वॉरियर्स हा संघ होता आणि त्यात खुद्द धनराज पिल्ले होता. नाव मराठा, खेळाडू खडकीचा. आणखी काय हवं? पण पहिला सगळा हंगाम झाला हैदराबादला. नंतरच्या हंगामांत चेन्नई आणि चंदीगड अशी केंद्रं आली. मराठा वॉरियर्सला महाराष्ट्रात घरचं मैदान मिळालं नाही. ही लीग २००८ पर्यंत चालली. पुण्याच्या किंवा मुंबईच्या माणसानं या संघासाठी टाळ्या वाजवायच्या, त्या घरी बसून.

असं का केलं गेलं, तेही समजून घ्यायला हवं. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. हिशेब सरळ होता. कृत्रिम हिरवळीची चांगली मैदानं देशात मोजकीच. संघांना गावोगाव फिरवायचं तर विमानाचा, हॉटेलचा खर्च. प्रक्षेपणाचे कॅमेरे आणि गाड्या हलवायच्या तर आणखी खर्च. शिवाय पैसा येणार मुख्यतः पुरस्कर्त्यांकडून आणि टीव्हीकडून, तिकिटातून येणार थोडा. मग एकाच ठिकाणी सगळे सामने उरकणं स्वस्त पडतं. त्या लीगमध्ये हॉकीचे ३५-३५ मिनिटांचे दोन भागही मोडून चार केले होते. मध्ये जाहिरातींना जागा हवी होती. म्हणजे संपूर्ण खेळाची मांडणीच मुळी कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसासाठी होती. मैदानाशेजारी राहणारा माणूस या हिशेबात नव्हताच.

२०२४-२५ च्या हंगामातही चित्र फारसं बदललं नाही. पुरुषांचे बहुतेक सामने राऊरकेलाला झाले आणि महिलांचे रांचीला. हैदराबादचा संघ अंतिम सामन्यात पोचला, पण तो सामना हैदराबादपासून कितीतरी दूर, राऊरकेलाला. आपल्या गावचं लग्न परगावी लागावं आणि गावानं ते फोटोत पाहावं, तसं हे झालं.

दुसरं कारण काळाचं. मैत्रीला जसा वेळ लागतो तसा संघाशी नातं जुळायलाही लागतो. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी नावाची लीग झाली. हिची रचना चांगली होती. प्रत्येक संघ एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळणार होता. पुणे स्ट्रायकर्स आणि मुंबई मरीन्स असे महाराष्ट्राचे दोन संघ त्यात होते. पुण्यानं थेट अंतिम फेरी गाठली. २ एप्रिल २०१२ रोजी मुंबईच्या महिंद्रा स्टेडियमवर शेर-ए-पंजाबनं पुण्याला ५-२ असं हरवलं. उपविजेता संघ, तोही पहिल्याच वर्षी! पुढच्या वर्षी पुणेकर या संघामागे उभे राहतीलच, असं कुणालाही वाटलं असतं. पण ते पुढचं वर्ष आलंच नाही. भारतीय हॉकी महासंघ आणि हॉकी इंडिया या दोन संघटनांमध्ये वाद चालू होता. या लीगला आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता नव्हती. एका हंगामात सगळं संपलं.

२०१३ मध्ये हॉकी इंडियानं आपली लीग सुरू केली. तिच्यात मुंबई मॅजिशियन्स आले. सुरुवातच अडचणीची झाली. सीमेवरचा तणाव आणि मुंबईतली निदर्शनं यामुळे लीगमधल्या नऊ पाकिस्तानी खेळाडूंना मायदेशी परत जावं लागलं. पाच संघांत मुंबईचा संघ शेवटचा आला. दोन वर्षांनी नाव बदललं, मालक बदलले, संघ झाला दबंग मुंबई. या दबंग मुंबईनं २०१७ मध्ये अंतिम फेरी गाठली. चंदीगडला कलिंगा लान्सर्सकडून ४-१ अशी हार झाली. आणि त्यानंतर लीगच बंद पडली, ती थेट २०२४ च्या डिसेंबरात उघडली.

मंडळी, ही सात वर्षं प्रेक्षकांच्या हिशेबात मोठी आहेतच, खेळाडूंच्या हिशेबात तर ती अर्धी कारकीर्द आहे. २०१७ मध्ये वीस वर्षांचा असलेला मुलगा लीग परत येईपर्यंत सत्तावीस-अठ्ठावीसचा झाला. त्याची उमेदीची वर्षं निघून गेली. प्रेक्षक नाहीत म्हणून पुरस्कर्ते टिकत नाहीत, पुरस्कर्ते नाहीत म्हणून लीग टिकत नाही, आणि लीग टिकत नाही म्हणून प्रेक्षक जमत नाहीत. या गोल फेऱ्यात मार खातो तो खेळाडू. म्हणून प्रेक्षक का येत नाहीत हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही.

तिसरं कारण माणसांचं. लीगमध्ये खेळाडू लिलावानं किंवा वाटपानं मिळतात. ज्याची बोली मोठी, त्याचा खेळाडू. यातून गमती होतात. युवराज वाल्मीकी हा मुंबईच्या मरीन लाइन्स भागात वाढलेला खेळाडू. चर्चगेटचं महिंद्रा स्टेडियम त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. २०१३ मध्ये तो खेळला दिल्ली वेव्हरायडर्सकडून. त्याच वर्षी मुंबईच्या संघात मोठी किंमत मोजून घेतलेला संदीप सिंग होता हरयाणातल्या शाहबादचा. आणि २०१२ मध्ये पुण्याच्या नावाचा संघ निघाला, तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा धनराज पिल्ले मैदानात उतरला तो कर्नाटक लायन्सकडून. यात खेळाडूंचा दोष काहीच नाही. त्यांना जिथं बोलावलं तिथं ते प्रामाणिकपणे खेळले. पण खडकीतल्या मुलानं त्या दिवशी कुणाच्या बाजूनं ओरडायचं?

बाहेरचा खेळाडू आपला होऊ शकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या झाडीपट्टीत मुंबईचे कलाकार येतात, इथल्या नाटकांत कामं करतात आणि लोक त्यांना डोक्यावर घेतात. पण ते महिनोन्महिने इथं राहतात, वडशाहून गावोगाव जातात, इथलं जेवतात, दरवर्षी परत येतात. राहण्यानं माणूस आपला होतो. महिन्याभराच्या लीगमध्ये खेळाडू हॉटेलातून मैदानात आणि मैदानातून विमानतळावर जातो. त्याला शहर कळत नाही आणि शहराला तो.

चौथं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जो खेळ आपण स्वतः खेळलो नाही, तो बघताना त्यातलं मर्म कळत नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी गवतावरून कृत्रिम हिरवळीवर गेली. खेळ वेगवान झाला, पण महागही झाला. असं मैदान तयार करायला काही कोटी रुपये लागतात. त्यावर पाणी मारावं लागतं, काही वर्षांनी ते बदलावं लागतं. साध्या शाळेला हे परवडणारं नाही. मातीच्या मैदानावर हॉकी खेळणाऱ्या शाळा कमी होत गेल्या, तशी हॉकी कळणारी माणसंही कमी झाली. पेनल्टी कॉर्नर का दिला हे ज्याला कळत नाही, त्याला नुसती शिट्टी ऐकू येते.

याच्या शेजारी कबड्डी ठेवून पाहा. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग निघाली, तेव्हा तिच्यातले खेळाडूही लिलावानंच आले होते. पण यू मुंबा आणि पुणेरी पलटण ही नावं महाराष्ट्राच्या गावोगावी पोचली. कारण चढाई, पकड, बोनस, लोणा हे शब्द लोकांना टीव्हीनं शिकवले नव्हते. ते आधीच अंगणात होते. आपल्या जिल्ह्यांत धानाची कापणी झाली की गावोगावी रात्रीचे कबड्डीचे सामने लागतात. लाकडाच्या बल्ल्या रोवून दिवे टांगले जातात. पहिलं बक्षीस कुणाकडून, दुसरं कुणाकडून, हे भोंग्यावर सांगितलं जातं. आपल्या गावचे पोट्टे खेळत असतात आणि थंडीत शाल पांघरून म्हातारी माणसंही बघायला बसतात. गडचिरोली पोलिस दलानं वीर बाबूराव शेडमाके यांच्या नावानं कबड्डी स्पर्धा सुरू केल्या, तेव्हा त्याही दुर्गम भागातल्या पोलिस मदत केंद्रांच्या पातळीपासून वर नेल्या. आधी आजूबाजूच्या गावांचे संघ, मग पुढची फेरी. अशा स्पर्धेला प्रेक्षक शोधावे लागत नाहीत. प्रत्येक संघ आपले प्रेक्षक बरोबर घेऊन येतो.

इथं कुणी म्हणेल, हे कबड्डीचं झालं, हॉकीला असं कधी जमेल? त्याचं उत्तर ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यात आहे. हा जिल्हा आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीसारखाच. जंगल, खाणी, मोठी आदिवासी वस्ती. तिथं आणि शेजारच्या झारखंडातल्या सिमडेगात हॉकीच्या गावोगाव स्पर्धा होतात. बक्षीस असतं बोकड. जिंकणारा संघ बोकड खांद्यावर घेऊन गावी जातो आणि सगळं गाव जेवतं. मुलं बांबूच्या काठ्या वाकवून स्टिक करतात. या मातीतून दिलीप तिर्की, लाझारस बार्ला, अमित रोहिदास, दीप ग्रेस एक्का, सुनीता लाक्रा असे भारताचे खेळाडू आले. पुढं क्रीडा वसतिगृहं आली, पोलाद कारखान्याचा हातभार लागला, सरकारनं पैसा ओतला. २०२३ च्या विश्वचषकासाठी राऊरकेलाला बिरसा मुंडा स्टेडियम उभं राहिलं. वीस हजारांहून अधिक आसनांचं. मुंबई-पुण्यापुढे राऊरकेला लहानसं गाव म्हणावं लागेल. पण तिथं हॉकीला लोक येतात, याचं कारण रोषणाईत शोधू नये. ते त्या बोकडात आहे. तिथं स्टेडियमच्या आधी प्रेक्षक तयार होता. आपल्याकडे आधी संघ विकत घेतले गेले आणि मग प्रेक्षक शोधायला निघाले.

आता पाचवं आणि शेवटचं कारण. ते आहे वाट्याचं. संघाच्या जय-पराजयात, मिळकतीत, निर्णयात गावाचा काही वाटा आहे का?

हे समजण्यासाठी आपल्या झाडीपट्टीच्या नाटकासारखं दुसरं उदाहरण नाही. दिवाळी झाली, मंडई भरू लागली, की होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या चार जिल्ह्यांत गावोगाव नाटकं होतात. देसाईगंज-वडसा हे त्याचं केंद्र. रात्रभर नाटक चालतं आणि तिकीट काढून हजारो माणसं जमिनीवर बसून ते पाहतात. ज्या काळात घराघरांत टीव्ही आला, हातात मोबाइल आला, त्या काळातही हे चालू राहिलं. २०२३ मध्ये गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना या रंगभूमीच्या सेवेसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या लोकांनाही त्याची थोडी कल्पना आली.

हे लोक का येतात? नाटक चांगलं असतं म्हणून, हे तर आहेच. पण रचना बघा. नाटक कंपनी स्वतः गावात येऊन तंबू ठोकत नाही. गावातलं मंडळ ठरलेल्या रकमेला नाटक घेतं. मंडप, रंगमंच, तिकिटं, जाहिरात ही मंडळाची जबाबदारी. नफा झाला तर मंडळाचा, तो देवळाला किंवा गावाच्या एखाद्या कामाला लागतो. तोटा झाला तर तोही मंडळाच्याच अंगावर. साहजिकच मंडळातला प्रत्येक पोरगा पंचक्रोशीत फिरून तिकिटं खपवतो. त्याच सुमारास गावात शंकरपट असतो किंवा मंडई असते. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात. घरी पाहुणा आला की त्याला नाटकाला नेणं हा पाहुणचारच. ‘आमच्या गावचं नाटक’ असं लोक म्हणतात. खरं तर नाटक कंपनीचं असतं, नट परगावचे असतात. पण ती रात्र गावाची असते.

हॉकीच्या लीगमध्ये शहराकडे यातलं काय होतं? संघ एका कंपनीचा. तिकिटाचा पैसा कंपनीचा. संघाचं नाव काय, राहणार की जाणार, हे ठरवणार कंपनी. शहराकडे मागितलं गेलं ते फक्त त्याचं नाव आणि टाळ्या. नाव घेता आलं. टाळ्या विकत मिळत नाहीत.

जगात याच्या उलट उदाहरणं आहेत. अमेरिकेत ग्रीन बे नावाचं शहर आहे. लोकसंख्या लाखाच्या थोडी वर, म्हणजे आपल्या चंद्रपूर शहराच्या साधारण एक तृतीयांश. तिथला पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९१९ साली सुरू झाला. चार वर्षांनी पैशाची ओढाताण झाली तेव्हा गावातल्या लोकांनी भाग विकत घेऊन तो वाचवला. आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. या भागांवर एक पैसा लाभांश मिळत नाही. तरी लोक ते घेतात आणि जपून ठेवतात. तिथलं मैदान ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांचं आहे. संघ हा धंदा आहे, पण तो गावाला सोडून जाऊ शकत नाही, हे तिथल्या माणसाला पक्कं ठाऊक आहे. अमेरिका-कॅनडात बर्फावरच्या हॉकीच्या छोट्या लीग पुष्कळ आहेत, आणि त्यांतले संघ मालकाच्या सोयीनं या गावातून त्या गावात जात असतात. ज्या गावानं एक-दोन संघ असे गेलेले पाहिले, ते गाव तिसऱ्याला सहजी मन देत नाही. चटका बसलेला माणूस ताकही फुंकून पितो.

क्रिकेटनं सगळे प्रेक्षक पळवले, असं एक उत्तर नेहमी दिलं जातं. ते अर्धं खरं आहे. आयपीएलचे खेळाडूही लिलावातले, मालक कंपन्याच. पण क्रिकेट गल्लीगल्लीत आधीपासून खेळलं जात होतं, आणि २००८ पासून मुंबईच्या संघाचं नावही तेच राहिलं आणि घरचं मैदानही बहुतेक वर्षं वानखेडे स्टेडियमच. म्हणजे मी सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी तीन तरी त्याच्याकडे होत्या: घर, काळ आणि कळणारा प्रेक्षक. हॉकीच्या संघांना एकाच वेळी यातली एखादी मिळाली, आणि पुढच्या वर्षी तीही गेली.

श्रोतेहो, हा हिशेब आपण आज का मांडायचा? कारण लीगचं वारं आता छोट्या शहरांकडेही वळलं आहे. निरनिराळ्या खेळांच्या जिल्हा पातळीवरच्या लीग निघत आहेत. उद्या कुणी चंद्रपूरच्या किंवा गडचिरोलीच्या नावानं संघ घेऊन येईल. संघाच्या नावात बहुधा ‘टायगर’ असेल. आपण त्याचं स्वागत जरूर करावं. पण स्वागत करताना काही गोष्टी विचारून घ्याव्यात. हा संघ आपल्या जिल्ह्यात किती सामने खेळणार? किती वर्षांची बोली आहे? संघात इथले किती खेळाडू असतील, आणि बाहेरचे असतील ते इथं किती दिवस राहतील? आपल्या शाळांतल्या मुलांना तो खेळ शिकवायला कुणी येणार आहे का? आणि तिकिटातला काही भाग इथल्या मैदानांवर खर्च होणार का? या प्रश्नांची धड उत्तरं मिळाली, तर गावोगाव फिरून तिकिटं खपवायला इथली पोरं कमी पडणार नाहीत.

आणि मोठ्या मैदानाची मागणी करणाऱ्या पुढाऱ्यांनाही एक सांगणं आहे. खडकीला धनराज घडला तो ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतल्या मातीच्या मैदानावर. मोहर्ली ज्या भद्रावती तालुक्यात येतं, तिथंही ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, वसाहत आहे. बल्लारपूरला कागद कारखाना आहे, जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत. पैशाची ऐपत असलेले उद्योग आपल्याकडे आहेत. कोट्यवधींच्या एका स्टेडियमच्या आधी पन्नास गावांतली पन्नास साधी मैदानं सारखी करून द्या. प्रत्येक मैदानाला एक शिकवणारा माणूस द्या, त्याचा पगार वेळेवर द्या. हॉकी असो की कबड्डी की खो-खो, दरवर्षी कापणीनंतर त्याच तारखांना सामने भरवा. बक्षीस बोकडाचं ठेवलं तरी चालेल.

अशी दहा वर्षं गेली, की ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी त्या मैदानावर खेळली आहे, त्या घरातली सगळी माणसं संघ निघेल तेव्हा पहिल्या सामन्याला येतील. संघ हरला तर चिडतील, शिव्या घालतील, आणि पुढच्या सामन्याला पुन्हा येतील.